खंडित उपवास
खंडित उपवास : अन्नग्रहणाचा काळ व अन्नवर्जनाचा काळ यांची नियमित आवर्तने पाळण्याच्या आहारपद्धतीस खंडित उपवास म्हणतात. दीर्घ उपवासात अन्न सलग अनेक दिवस वर्ज्य केले जाते. खंडित उपवासात ते दिवसातील काही तास, एक दिवसाआड किंवा आठवड्यातील एक-दोन दिवस वर्ज्य असते व मधल्या काळात नेहमीचा आहार घेतला जातो. नेहमीच्या ऊन आहारात रोजच थोडे कमी खावयाचे असते. येथे मुख्य बंधन अन्नाच्या वेळेवर असते. व्रत म्हणून हा प्रकार अनेक धर्मांत प्राचीन काळापासून रूढ आहे. वजन घटविण्याचा उपाय म्हणून त्याचा शास्त्रीय अभ्यास मात्र प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून होऊ लागला. या उपायाचे मूल्यमापन केवळ घटलेल्या वजनावरून करता येत नाही. घटलेल्या वजनात वसा (चरबी) किती, स्नायू किती व पाणी किती, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

शरीरघटन : शरीरातील वसा, स्नायू, अस्थी, अंतस्त्ये व पाणी यांच्या परस्परप्रमाणास शरीरघटन म्हणतात. अभ्यासाच्या सोयीसाठी शरीराचे वसा व वसाविरहित वस्तुमान असे दोन भाग पाडतात. वसाविरहित भागात पाण्याचे प्रमाण सु. ७३ टक्के असते. वसा ही ऊर्जेची साठवण असून स्नायू हे हालचालीचे साधन, ग्लुकोज वापरणारे सर्वांत मोठे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) व प्रथिनांचा राखीव साठा असे तिहेरी कार्य करतात. समान उंचीच्या व समान वजनाच्या दोन व्यक्तींचे शरीरघटन अगदी भिन्न असू शकते. म्हणून शरीर वस्तुमान निर्देशांक (किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) हे स्थूलतेचे सोयीचे पण अपुरे माप आहे.

शरीरघटन मोजण्यासाठी दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांचे शोषण मोजणारे यंत्र, पाण्याखालील वजन, त्वचेच्या घडीची जाडी आणि शरीरातून अतिसौम्य विद्युत् प्रवाह पाठवून त्याला होणारा रोध मोजणे, या पद्धती वापरतात. यांपैकी शेवटची पद्धत स्वस्त असल्यामुळे व्यायामशाळांतूनही आढळते. परंतु ती शरीरातील पाण्यावर अवलंबून असते. दिवसभर पाणी न घेतलेल्या व्यक्तीचे संध्याकाळी घेतलेले माप सकाळच्या मापाशी जुळत नाही व ते चुकीचा निष्कर्ष देऊ शकते. घरगुती वापरासाठी कंबरेचा घेर हे साधे व विश्वसनीय माप होय. भारतीयांत पुरुषांच्या बाबतीत ९० सेंमी. व स्त्रियांच्या बाबतीत ८० सेंमी. ही त्याची इष्ट मर्यादा मानतात.

उपवासातील शरीरक्रिया : जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढते व अग्निपिंडातून इन्शुलिन हे हॉर्मोन (वाहिनीविहीन ग्रंथींचा स्राव) स्रवते. त्याच्या प्रभावाने ग्लुकोज यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने साठते आणि वसा ऊतकातून वसाम्ले बाहेर पडण्याची क्रिया मंदावते. चार-सहा तासांनी अन्नाचे शोषण पूर्ण झाल्यावर इन्शुलिनाची पातळी उतरते, ग्लुकागॉन हे हॉर्मोन वाढते व यकृत आपल्या साठ्यातून रक्तास ग्लुकोज पुरवू लागते. यकृतातील ग्लायकोजेनाचा साठा सु. १०० ग्रॅ. असतो. केवळ मेंदूलाच दिवसाला सु. १२० ग्रॅ. ग्लुकोज लागत असल्याने हा साठा एका दिवसात जवळजवळ संपतो. स्नायूंतील ग्लायकोजेन याहून पुष्कळ जास्त असते. परंतु ते रक्तात थेट सोडता येत नाही व त्या त्या स्नायूच्याच उपयोगी पडते.

साधारणपणे १२ तासांनंतर वसाम्लांचे ज्वलन क्रमाने वाढत जाते. यकृतात त्यांच्यापासून कीटोन पदार्थ तयार होतात व उपवास लांबल्यास मेंदूही ते इंधन म्हणून वापरू लागतो. जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात केलेल्या संशोधनामुळे हे स्पष्ट झाले. ही व्यवस्था पूर्णपणे बसण्यास मात्र अनेक दिवस लागतात. तोपर्यंत मेंदूला लागणाऱ्या ग्लुकोजाचा काही भाग स्नायूंतील प्रथिनांच्या विघटनातून तयार होतो. संपूर्ण उपवासाच्या पहिल्या काही दिवसांत रोज सु. ७५ ग्रॅ. प्रथिन खर्ची पडते. स्नायूत प्रथिन सु. एक पंचमांश असते हे लक्षात घेतल्यास हा खर्च दिवसाला सु. ३७५ ग्रॅ. स्नायूंइतका भरतो. काही आठवड्यांनी तो सु. २० ग्रॅ. प्रथिनापर्यंत उतरतो. खंडित उपवासात शरीर या काटकसरीच्या अवस्थेपर्यंत पोहोचत नाही. मात्र उपवासाचा काळ अल्प असल्यामुळे व पुढच्या जेवणात प्रथिने मिळाल्यास झालेला व्यय बव्हंशी भरून निघतो. ती न मिळाल्यास तूट साचत जाते.

कोशिकांतील जीर्ण घटकांचे विघटन करून त्यांचा पुनर्वापर करणाऱ्या स्वभक्षण क्रियेचा उल्लेख या संदर्भात वारंवार केला जातो. तिच्या यंत्रणेच्या शोधाबद्दल जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे मूळ संशोधन यीस्टवर झालेले होते. उपाशीपणाने ही क्रिया वाढते हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले असले, तरी मनुष्याने किती तास उपवास केला म्हणजे किती लाभ होतो, याचे कोष्टक त्यावरून मांडता येत नाही.

वजनातील घट व वसेतील घट : बैठे काम करणाऱ्या ६५ किग्रॅ. वजनाच्या पुरुषास, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार, दिवसाला सु. २,११० किलोकॅलरी ऊर्जा लागते. एक किग्रॅ. वसा ऊतकात सु. ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. म्हणजे अशा पुरुषाने पूर्ण दिवस काहीही खाल्ले नाही व सर्व ऊर्जा वसेतूनच मिळाली असे मानले, तरी वसा ऊतकाची घट पाव किग्रॅ.च्या थोडी वर जाते. प्रत्यक्षात वजनकाट्यावर एक ते दीड किग्रॅ. घट दिसू शकते. उरलेली घट मुख्यतः पाण्याची असते. ग्लायकोजेनाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सु. ३ ग्रॅ. पाणी साठलेले असते व साठा खर्च होताच ते बाहेर पडते. इन्शुलिन उतरल्याने मूत्रावाटे सोडियम व पाणी अधिक जाते. आणि आतड्यातील अन्नाचे वजनही कमी होते. पुन्हा जेवण सुरू होताच हे सर्व भरून येते. पहिल्या आठवड्यातील उत्साहवर्धक घट व नंतरची निराशाजनक संथता या दोहोंचे कारण यातच आहे.

परंपरागत प्रकार : आज नव्या नावांनी प्रचारात असलेल्या बहुतेक पद्धतींची पूर्वरूपे महाराष्ट्रातील व्रतांत सापडतात. हिंदूंतील एकभुक्त व्रतात दिवसातून एकदा, तर नक्त व्रतात दिवसभर उपवास करून रात्री भोजन करतात. जैनांत एका बैठकीतच जेवण्यास एकासणा, दोन बैठकींत जेवण्यास बियासणा व सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य करण्यास चौविहार म्हणतात. त्यांचा पूर्ण उपवास आदल्या सूर्यास्तापासून पुढच्या दिवसानंतरच्या सकाळपर्यंत, म्हणजे सु. ३६ तासांचा असून त्यात उकळलेले पाणी फक्त दिवसा घेता येते. वर्षीतप या व्रतात एक दिवसाआड उपवास सु. तेरा महिने चालतो व अक्षय्य तृतीयेस उसाच्या रसाने त्याची सांगता होते. आधुनिक 'एकाआड दिवस उपवास' पद्धतीशी याचे साम्य उघड आहे.

याउलट एकादशीचा प्रचलित उपवास हा बहुधा अन्नवर्जन नसून अन्नबदल असतो. निर्जला एकादशीसारखे अपवाद वगळता या दिवशी साबुदाणा, वरी, शिंगाडा, राजगिरा, रताळी, बटाटे व शेंगदाणे चालतात. कोरड्या साबुदाण्याच्या १०० ग्रॅ.मध्ये सु. ३५० किलोकॅलरी असतात. प्रथिन मात्र नाममात्र असते. तूप व शेंगदाण्याचे कूट घातल्यावर खिचडीची ऊर्जा नेहमीच्या जेवणाइतकी किंवा त्याहून अधिक होते. 'एकादशी दुप्पट खाशी' या म्हणीत लोकांनी हे निरीक्षण केव्हाच नोंदविले आहे. वसा घटविण्याच्या दृष्टीने असा उपवास निरुपयोगी ठरतो. डाळी, उसळी व दूध त्या दिवशी सुटल्यास प्रथिनांची तूटही पडते. शेंगदाणे, दही व राजगिरा यांमुळे ती काहीशी भरून निघते.

भिवंडी व रमजानचे रोजे : ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर या विषयाच्या अभ्यासास विशेष उद्बोधक आहे. येथे कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन (अन्सारी) विणकर, आगरी व कोळी, तेलुगू भाषक पद्मशाली व जैन व्यापारी एकाच गावात राहत असल्याने रोजा, एकादशी, श्रावणी सोमवार व वर्षीतप हे उपवासाचे प्रकार शेजारीशेजारी पाळले जातात. त्यांपैकी रमजानचा रोजा सर्वांत मोठ्या समूहाकडून, एकाच वेळी व सलग महिनाभर पाळला जातो. पहाटे उजाडण्यापूर्वी सेहरी व सूर्यास्तास इफ्तार यांमधील काळात अन्नच नव्हे, तर पाणीही वर्ज्य असते. भिवंडी सु. १९° १८′ उत्तर अक्षांशावर असल्याने रोजाचा अवधी हिवाळ्यात सु. सव्वाबारा, तर उन्हाळ्यात सु. साडेचौदा तास भरतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सु. ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान प्रतिवर्षी तितका अलीकडे सरकतो व सु. ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. २०१८ मध्ये तो मे-जूनच्या उकाड्यात आला होता. २०३० मध्ये तो जानेवारीत व पुन्हा डिसेंबरअखेरीस सुरू होईल.

यंत्रमाग बहुधा बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. कामगार उभ्याने अनेक मागांवर लक्ष ठेवतो, तुटलेले धागे जोडतो व कांड्या बदलतो. अशा कामाची गणना मध्यम श्रमांत केल्यास, वरील शिफारशींनुसार ६५ किग्रॅ. वजनाच्या पुरुषाची दैनिक गरज सु. २,७१० किलोकॅलरी होते. मागाच्या शेडमधील उष्ण व दमट हवेत घाम पुष्कळ येतो. एक लिटर घाम म्हणजे एक किग्रॅ. वजन, ते सूर्यास्तास कमी दिसते व रात्री पाणी प्याल्यावर परत येते. त्यामुळे रोजे पाळणाऱ्याचे इफ्तारपूर्वीचे वजन हे वसेतील बदलाचे माप नव्हे. तुलना करावयाची झाल्यास ती रमजानपूर्वीच्या व रमजाननंतरच्या सकाळच्या वजनाची केली पाहिजे.

अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात (३५ अभ्यास) रमजानच्या अखेरीस वजनात सरासरी १·२४ किग्रॅ. घट आढळली व पुढील काही आठवड्यांत त्यांपैकी ०·७२ किग्रॅ. परत आले. २०१९ मधील दुसऱ्या विश्लेषणात शरीरघटनाचा विचार करण्यात आला. वसेच्या प्रमाणातील घट स्थूल व अतिवजनी व्यक्तींत स्पष्ट दिसली. प्रमाणशीर वजनाच्या व्यक्तींत ती दिसली नाही. वसाविरहित वस्तुमानही काही अंशी घटले, मात्र ते वसेच्या मानाने कमी होते. दोन ते पाच आठवड्यांनी ही सर्व मापे पूर्ववत होण्याकडे झुकलेली आढळली. घट इतकी मर्यादित राहण्याचे कारण रात्रीच्या आहारात आहे. रोज ५०० किलोकॅलरींची तूट महिनाभर टिकली असती, तर सु. दोन किग्रॅ. वसा ऊतक कमी झाले असते. खजूर, फळे व पाणी यांनी रोजा सोडल्यावर भजी, समोसे, गोड सरबते व नंतर मांसाहारी जेवण झाल्यास दिवसाची बचत रात्री भरून निघते. कुटुंबापासून दूर राहून 'भिशी' अथवा 'बिशी' नावाच्या सामाईक खाणावळीत जेवणाऱ्या कामगारास निवडीस वाव थोडा असतो. त्याच्या बाबतीत याच्या उलट, म्हणजे अन्न अपुरे पडण्याचा धोकाही संभवतो. एकच व्रत स्थूल व्यापाऱ्याच्या शरीरातून वसा व कृश कामगाराच्या शरीरातून स्नायू कमी करू शकते, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

आधुनिक पद्धती : प्रचलित पद्धतींचे तीन वर्ग करता येतात. (१) रोजच्या भोजनकालाचे बंधन : सर्व आहार आठ तासांत घेऊन उरलेले सोळा तास उपवास करणे ही यातील सर्वाधिक प्रचलित रीत होय. (२) एकाआड दिवस उपवास : उपवासाच्या दिवशी काहीही न खाणे किंवा गरजेच्या सु. चतुर्थांश आहार घेणे. (३) आठवड्यातून दोन दिवस ५०० ते ६०० किलोकॅलरींचा आहार व पाच दिवस नेहमीचा आहार. ही शेवटची पद्धत ब्रिटनमध्ये २०१२ पासून लोकप्रिय झाली.

महाराष्ट्रात यांपैकी पहिल्या वर्गाशी साम्य असलेली एक योजना घरोघरी पोहोचली. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी आपल्या व्याख्यानांतून इन्शुलिन व खाण्याच्या वेळा यांचा संबंध मांडला होता. त्या आधारे वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्याने व पुस्तके यांद्वारे या योजनेचा प्रसार केला. खरी भूक लागते अशा दिवसातील दोन वेळा ओळखून त्या वेळीच जेवणे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपविणे, मधल्या काळात काहीही न खाणे, गोड कमी व प्रथिने अधिक घेणे आणि रोज ४५ मिनिटे चालणे ही तिची मुख्य सूत्रे आहेत. दर वेळी खाल्ल्याने इन्शुलिन स्रवते व वसेचे ज्वलन थांबते, हा तिचा सैद्धांतिक आधार होय. याउलट दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे, असा सल्ला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी लोकप्रिय केला होता. या दोन मतांतील वाद २०१८ च्या सुमारास मराठी वृत्तपत्रांत गाजला. शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने पाहता इन्शुलिन उतरल्याने वसाम्ले बाहेर पडतात हे खरे. परंतु चोवीस तासांच्या हिशेबात ऊर्जेची तूट नसेल, तर बाहेर पडलेली वसा पुढच्या जेवणानंतर परत साठते. चहाबरोबरची बिस्किटे, फरसाण व गोड पदार्थ सुटल्यामुळे ही तूट आपोआप पडते व मोजमापाशिवाय पाळता येईल असा सुटसुटीत नियम हाती येतो, हे अशा योजनेचे व्यावहारिक बळ होय.

नियंत्रित चाचण्यांचे निष्कर्ष : शिकागो येथे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक वर्षाच्या चाचणीत १०० स्थूल व्यक्तींपैकी एका गटाने एकाआड दिवस उपवास केला, तर दुसऱ्याने रोजचा आहार कमी केला. वर्षअखेर वजनातील घट अनुक्रमे ६·० व ५·३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखीच आढळली. उपवासगटातील ३८ टक्के व दुसऱ्या गटातील २९ टक्के व्यक्तींनी मध्येच चाचणी सोडली. चीनमधील ग्वांगजो येथे १३९ स्थूल व्यक्तींवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांचा आहार सारखाच कमी केला होता. त्यांपैकी एका गटाने तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच घेतला. वर्षअखेर घट अनुक्रमे ८·० व ६·३ किग्रॅ. होती व हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण ठरला नाही. २०२५ मध्ये ९९ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात एकाआड दिवसाच्या उपवासाचा रोजच्या ऊन आहाराहून सु. १·३ किग्रॅ.ने अधिक परिणाम आढळला. इतर पद्धतींत उल्लेखनीय फरक नव्हता.

शरीरघटनाविषयीचे निष्कर्ष अधिक विचारप्रवर्तक आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथील २०२० च्या चाचणीत ११६ व्यक्तींपैकी एका गटाने बारा आठवडे दुपारी बारा ते रात्री आठ या वेळातच आहार घेतला. त्याची घट केवळ ०·९४ किग्रॅ. होती. ज्यांचे शरीरघटन तपासले गेले त्यांच्यापैकी या गटाने सरासरी १·७० किग्रॅ. गमावले व त्यांतील १·१० किग्रॅ., म्हणजे सु. ६५ टक्के, वसाविरहित होते. नेहमीच्या ऊन आहारात हा वाटा साधारणपणे २० ते ३० टक्के असतो. इंग्लंडमधील बाथ येथील २०२१ च्या चाचणीत प्रमाणशीर वजनाच्या ३६ व्यक्तींचे तीन गट केले होते. रोज एक चतुर्थांश आहार कमी करणाऱ्या गटाची तीन आठवड्यांत १·९१ किग्रॅ. घट झाली व तीपैकी १·७५ किग्रॅ. वसा होती. एकाआड दिवस पूर्ण उपवास करून तितकीच ऊर्जातूट राखणाऱ्या गटाची १·६० किग्रॅ. घट झाली, पण तीत वसा केवळ ०·७४ किग्रॅ. होती. उपवासाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट आहाराने करणाऱ्या तिसऱ्या गटात वसेची घट नगण्य होती. यावरून कृश व्यक्तीस उपवास अधिक महाग पडतो, असे दिसते.

याची दुसरी बाजूही आहे. इटलीत २०१६ मध्ये नियमित वजने उचलणाऱ्या ३४ पुरुषांवर झालेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासात आठ तासांच्या भोजनकालाने वसा सु. १६ टक्क्यांनी घटली व स्नायूंचे वस्तुमान टिकून राहिले. त्यांचा व्यायाम चालू होता व आहारात प्रथिने भरपूर होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या चाचणीत या दोहोंविषयी कोणतीही सूचना दिलेली नव्हती. भोजनकालाची निवडही निरर्थक नसावी : मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आठ पुरुषांवरील २०१८ च्या अमेरिकन अभ्यासात दुपारी तीनपूर्वी शेवटचे जेवण घेतल्याने, वजन न घटताही, इन्शुलिनाची परिणामकारकता सुधारली.

भारतीय शरीरघटन व त्यातील विशेष धोका : पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनामुळे हा प्रश्न भारतीयांच्या दृष्टीने का महत्त्वाचा आहे हे कळते. २००४ मध्ये याज्ञिक व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी आपल्या स्वतःच्या शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक २२·३ होता; परंतु शरीरातील वसेचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के होते. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २·७ किग्रॅ. आढळले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ते ३·५ किग्रॅ. होते. पुण्याची अर्भके सर्वच मापांत लहान होती. मात्र त्यांची त्वचेखालील वसा त्या मानाने टिकून होती, तर स्नायू क्षीण होते. कृश दिसणाऱ्या शरीरातील या वसाधिक्याचा मधुमेहाशी निकटचा संबंध आहे. म्हणूनच भारतीयांसाठी अतिवजनाची सीमा २५ ऐवजी २३ मानतात.

अशा शरीरात वसा जास्त व स्नायू मुळातच कमी असल्याने वसा घटविण्याची गरज व स्नायू गमावण्याचा धोका ही दोन्ही एकाच वेळी वाढतात. उपवासानंतर वजन परत येते तेव्हा प्रश्न अधिक बिकट होतो. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये अँसेल कीझ यांनी ३६ स्वयंसेवकांस २४ आठवडे अर्धपोटी ठेवले असता त्यांचे वजन सु. एक चतुर्थांश घटले होते. आहार पूर्ववत झाल्यावर स्नायू भरून येण्यापूर्वीच वसा मूळच्या पातळीच्या पुढे गेली. वारंवार कडक उपवास व त्यानंतर मोकळे खाणे यांची आवर्तने झाल्यास वजन तेच राहूनही शरीरघटन बिघडण्याची शक्यता असते.

स्नायूंचे रक्षण : उपवासकाळात स्नायू टिकविण्याचे परिणामकारक उपाय दोन. पहिला प्रथिनांचा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दर किग्रॅ. वजनास ०·८३ ग्रॅ. प्रथिनाची शिफारस केली आहे; वजन घटविताना ते १·२ ग्रॅ. किंवा अधिक असावे, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस याप्रमाणे ७० ग्रॅ.हून अधिक प्रथिने लागतात. जेवणांची संख्या दोनवर आल्यास प्रत्येक जेवणात ३५ ग्रॅ. प्रथिन यावे लागते. केवळ भात, पोळी व पातळ आमटी यांतून ते येत नाही. डाळी, उसळी, दूध, दही, अंडी, मासे व सोयाबीन यांची जाणीवपूर्वक योजना करावी लागते. दुसरा उपाय स्नायूंवर भार देणाऱ्या व्यायामाचा. चालणे हृदयास हितकारक असले, तरी स्नायूंचे वस्तुमान राखण्यास दंड, बैठका व वजने उचलणे यांसारखे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन वेळा आवश्यक असतात. रोजे पाळणाऱ्यांनी असा व्यायाम इफ्तारनंतर करणे श्रेयस्कर ठरते, कारण त्या वेळी पाण्याची तूट भरून निघालेली असते. वजन आठवड्याला अर्ध्या किग्रॅ.हून वेगाने घटू न देणे, महिन्याकाठी कंबरेचा घेर मोजणे व हाताच्या पकडीतील बळ कमी होत नाही याकडे लक्ष ठेवणे, एवढ्याने सामान्य व्यक्तीस घट कशाची होत आहे याचा अंदाज येतो. घेर कमी होऊन बळ टिकले, तर घट बव्हंशी वसेची समजावी. बळ उतरून घेर तसाच राहिला, तर उपवासाचा क्रम बदलावा.

वर्ज्यता : इन्शुलिन किंवा सल्फोनिलयूरिया गटातील औषधे घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींत उपवासामुळे रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, त्यांनी औषधांची मात्रा व वेळा वैद्याच्या सल्ल्याने बदलल्याखेरीज उपवास करू नये. गर्भिणी, स्तन्यदा माता, वाढीच्या वयातील मुले, क्षयरोगी, दीर्घ आजारातून उठलेले, आहारविषयक मनोविकार असलेले व १८·५ हून कमी निर्देशांकाच्या व्यक्ती यांना खंडित उपवास वर्ज्य होय. वृद्धांत गेलेले स्नायू परत मिळविणे कठीण असल्याने विशेष सावधगिरी लागते. मूत्रपिंडाच्या विकारात व मुतखड्याची प्रवृत्ती असल्यास निर्जल उपवास अपायकारक ठरू शकतो. धर्मनियमांनीही येथे आडकाठी केलेली नाही : आजारी व्यक्ती, प्रवासी, गर्भिणी व स्तन्यदा माता यांना इस्लाममध्ये रोजातून सवलत असून नंतर रोजे पूर्ण करण्याचा किंवा दीर्घ आजाऱ्याच्या बाबतीत गरिबास अन्न देण्याचा पर्याय दिलेला आहे. हिंदू व्रतांतही अशक्तास फलाहाराची व प्रतिनिधीकरवी व्रत करविण्याची मुभा आहे.